थोरलीचे ब्रेक

कर्वेनगर, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिराज,
सप्रेम जय भीम.

दिवाळीचा फराळ शाहिदबरोबर पाठवला होता. तो लोणी काळभोरला तुझ्यापर्यंत पोचला की हडपसरच्या गॅरेजमध्येच संपला, हे कळवावे. तुझ्या पुतण्याच्या पोटाकडे पाहता उत्तर मला ठाऊक आहे, पण खात्री केलेली बरी.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. घशाच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेल्यापासून आपला फोन म्हणजे मी बोलायचं आणि तू टिचक्या वाजवायच्या, हो असेल तर एक आणि नाही असेल तर दोन. मागच्या वेळी लाइन कधी कटली ते मला कळलंच नाही, मी आपला बोलतोय. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर माझ्या बोटांना अक्षरं सापडत नाहीत. आणि ज्या टपाल खात्याने मला जन्मभर पोसलं, त्याला म्हातारपणी पाच रुपयांचा धंदा दिला तर काय बिघडलं?

आता कामाचं. माझी जुनी गाडी, आठशे, हल्ली वेळेवर थांबत नाही. परवा वारज्याच्या सिग्नलला पुढच्या रिक्षाला जाऊन टेकलो. कुणाला लागलं नाही. रिक्षावाला उतरून आला, माझे पांढरे केस बघितले आणि म्हणाला, "आजोबा, घरी बसा." त्याला म्हटलं, घरी बसायला तुझी परवानगी लागते हे माहीत नव्हतं.

गाडी शाहिदला दाखवली. तो म्हणतो, ब्रेक उत्तम आहेत. पोरगा गुणी आहे, पण गाडी रिक्षाला टेकली ती काय उत्तम ब्रेकमुळे? तू स्वतः लक्ष घाल.

चंद्रभागा बरी आहे.

तुझा,
पोपट


लोणी काळभोर
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय पोपट,
सलाम.

फराळापैकी चार शंकरपाळे आणि रिकामा डबा पोचला. डबा छान आहे.

शाहिदला विचारलं. विचारलं म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं, मेहरुनने माझ्यासाठी तिच्या शाळेतली पाटी आणून ठेवली आहे. मुलगी मास्तरीण असली की बापाला या वयात पुन्हा पहिलीत बसावं लागतं. शाहिद म्हणाला, "चाचा, पॅड नवे आहेत, तेल बदललंय, मी स्वतः चालवून बघितली. गाडी जागच्या जागी उभी राहते." ब्रेकच्या बाबतीत तो खोटं बोलणार नाही. त्याला मी तसा वाढवलेला नाही.

मग दोष कुठे आहे? गाडी जुनी झाली की मालकाला तिच्यात रोज नवा रोग दिसतो. माझं ऐक, विकून टाक ती. कल्याणी बंगळुरात एवढ्या मोठ्या नोकरीवर आहे, आईबापाच्या रिक्षाचं बघेल. आपण दोघंही सत्तरीच्या पुढे गेलो. संध्याकाळी वहिनींना घेऊन गॅलरीत बस आणि चहा पी. वहिनी हल्ली जरा विसरतात असं शाहिद म्हणत होता. कोण विसरत नाही? मी माझा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो.

वहिनींना माझा सलाम सांग. त्यांच्या हातची भरली वांगी मला अजून आठवतात, आणि आता मला जेवण गिळायला वेळ लागतो म्हणून तर जास्तच आठवतात.

तुझा,
सिराज


कर्वेनगर, पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिराज,
जय भीम.

गाडी विकायचा सल्ला मिळाला. सल्ला फुकट होता, त्यामुळे परत करायला अडचण नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. चंद्रभागा "जरा विसरत" नाही. ती सगळंच विसरत चालली आहे. दिवसभर ठीक असते, पेपर हातात धरून बसते, मी भाजी निवडायला दिली तर निवडते. पण दिवस कलला की उठते, पिशवीत एक साडी आणि कंगवा भरते आणि दारात जाऊन उभी राहते. म्हणते, "मला घरी सोडा. उशीर झाला, घरचे वाट बघत असतील." मी म्हणतो, अगं, हेच आपलं घर. मग ती रडते. परक्या माणसाने अडवून ठेवल्यावर बाई रडेल, तशी रडते. कुठलं घर ते तिला सांगता येत नाही. ताडीवाला रोडवरची माहेरची खोली असेल, नाहीतर आमचं पोस्टाचं क्वार्टर असेल, मला काय माहीत?

एका संध्याकाळी काही सुचेना, म्हणून तिला गाडीत बसवलं. राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला गेलो, दांडेकर पूल, म्हात्रे पूल आणि डीपी रोडने परत. आमच्याच दारात गाडी थांबवली आणि म्हटलं, "आलं घर." ती हसली रे. उतरली, वर आली, पोटभर जेवली आणि झोपली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला तिच्या घरी सोडतो.

रिक्षाचाही प्रयोग करून झाला. अनोळखी माणूस चालवतोय म्हटल्यावर ती ओरडायला लागली, "मला पळवून नेतायत." डेक्कनला माणसं गोळा झाली. पुण्यात गर्दी जमायला काय लागतं, पण त्या दिवशी मी चोर ठरलो होतो.

कल्याणी म्हणते, आईला संस्थेत ठेवू या, ती चांगली संस्था आहे, बाग आहे. असेल बाग. पण तिथे संध्याकाळी तिला घरी कोण सोडणार?

म्हणून मला ब्रेक हवेत. असेच नाही, मोठे हवेत. तू मागे घाटात चालवणाऱ्या लोकांच्या आठशेला दुसऱ्या गाडीचे मोठे ब्रेक बसवायचास, ते मला आठवतं आहे. तसे मला बसव. माझा जीव त्या गाडीत अडकला आहे, सिराज.

तुझा,
पोपट


लोणी काळभोर
५ डिसेंबर २०२४

प्रिय पोपट,
सलाम.

तुझं पत्र वाचलं. एवढं सगळं एकट्याने पोटात ठेवलंस. माझा आवाज गेला तेव्हा तू ससूनच्या व्हरांड्यात बसून होतास, आणि तुझ्या घरात हे चाललेलं मला शाहिदच्या तोंडून अर्धवट कळावं? याबद्दल तुला शिव्या देणार होतो. पण लिहून दिलेल्या शिवीत दम नसतो.

गाडी विक म्हणालो ते परत घेतो. ब्रेक मी बसवणार, शाहिद नाही. मी स्वतः.

आपल्या आठशेची एक थोरली बहीण आहे, एस्टीम. कंपनी एक, घराणं एक, फक्त अंगाने मोठी. तिच्या पुढच्या चाकांची डिस्क मोठी, ती डिस्क चिमटीत धरणारे कॅलिपरही मोठे. ते धाकटीला बसतात, जरा मनधरणी करावी लागते इतकंच. पण मोठी डिस्क आठशेच्या लहान चाकात मावत नाही, म्हणजे चाकं थोरलीची आली. मोठ्या कॅलिपरला तेल ढकलायला मोठा मास्टर सिलिंडर, तोही थोरलीचाच. एक पाहुणा बोलावला की सगळं बिऱ्हाड येतं, तसा हा प्रकार आहे.

सगळं मिळेल. जुन्या बाजारात माझी ओळख अजून आहे, निदान माझ्या तोंडाची तरी आहे. मेहरुन म्हणाली, अब्बा, तुम्ही आज दोन वेळा हसलात. खरं सांगू? इथे मला कोंबड्या हाकण्यापलीकडे काम नाही. पाना हातात धरून वर्ष झालं.

एकच गोष्ट लक्षात ठेव. हे ब्रेक बसले की पेडल आधीपेक्षा जड लागेल. तुझ्या जुन्या मॉडेलला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय दमदार हवा. आहे ना?

तुझा,
सिराज


कर्वेनगर, पुणे
१३ डिसेंबर २०२४

प्रिय सिराज,
जय भीम.

पाय दमदार आहे.

तू कामाला लाग. गाडी कधी सोडायची ते कळव, फार दिवस ठेवून घेऊ नकोस. ती नसेल त्या संध्याकाळी माझं काय होईल ते तुला माहीत आहे.

बाकी विशेष काही नाही. परवा मंडईतून घरी आलो तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. कुठे पडली, कधी पडली, पत्ता नाही. जिना चढताना समोरच्या अवनीताईंनी सांगितलं, तेव्हा खाली बघितलं. नवीच होती. शोधायला परत गेलो नाही. एक पाय अनवाणी घेऊन मंडईत हिंडणाऱ्या माणसाला पुणेकर काय म्हणतील, याची कल्पना करून घरीच थांबलो.

तुझा,
पोपट


लोणी काळभोर
२७ डिसेंबर २०२४

प्रिय पोपट,
सलाम.

चप्पल हरवली म्हणजे साडेसाती गेली, असं तुझे शेजारी म्हणतील. तू मानत नाहीस, मीही मानत नाही, पण गेलीच असेल तर बरंच झालं. तुझं लक्ष कुठे असतं रे? शाळेतही तू एकदा एका पायात माझा बूट आणि एका पायात तुझा घालून घरी गेला होतास.

सगळं सामान मिळालं. डिस्क घासून घेतल्या, कॅलिपरचे रबर नवे घातले. आरशासारखं काम झालं आहे. शाहिद बघत उभा राहिला होता. मी त्याला पाटीवर लिहिलं, "बघतोस काय, पाना दे."

गाडी तू बुधवारी, ८ जानेवारीला, सकाळी आणून सोड. त्या तीन-चार संध्याकाळी शाहिद स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग तुझ्या हातात देईल, ती नवी आहे, तिचे ब्रेक नुसते फुंकरीने लागतात. रविवारी, १२ जानेवारीला, येऊन तुझी गाडी घेऊन जा. वहिनींनाही आण, त्यांना भेटून वर्ष झालं.

आणि एक रीत पाळायची आहे. तुला माहीत आहे, पण आठवण देतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते खालिद उस्ताद म्हणायचे, ब्रेक बसवणाऱ्याने ब्रेकच्या पुढे उभं राहायचं. काम झालं की जमिनीवर खडूने रेघ मारायची, मेकॅनिकने रेघेच्या पलीकडे उभं राहायचं, आणि मालकाने गाडी जोरात आणून रेघेवर थांबवायची. हाताखालच्या पोराला उभं करायचं नाही, स्वतः उभं राहायचं. मी सगळ्या आयुष्यात एकही गाडी या रीतीशिवाय गॅरेजबाहेर सोडलेली नाही. तुझी तर ही बहुतेक माझी शेवटची गाडी. ती कशी सोडीन?

तुझा,
सिराज


लोणी काळभोर
१४ जानेवारी २०२५

प्रिय पोपट,

परवा जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहितो, कारण त्या वेळी मला बोलता आलं नाही. पाटी गॅरेजमध्ये राहिली होती, आणि असती तरी काय लिहिलं असतं?

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत मी रेघ मारली. आधी मी स्वतः गाडी चालवून बघितली, शाहिद पुढे उभा राहतो म्हणाला, त्याला हाकललं. ब्रेक असे लागले की मला माझाच अभिमान वाटला. मग तू स्टिअरिंगवर बसलास. वहिनी तुझ्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. मी रेघेपलीकडे जाऊन उभा राहिलो आणि लाल फडकं हलवलं.

तू इंजिन चालू केलंस. गाडी हलली नाही. मी परत फडकं हलवलं. वहिनी तुला म्हणाल्या, "चला ना, उशीर होतोय," ते मला तिथवर ऐकू आलं. तू खाली वाकून बघितलंस. पाय कुठल्या पेडलवर आहे ते तू डोळ्यांनी बघत होतास, पोपट. मग वर माझ्याकडे बघितलंस, परत खाली. शेवटी इंजिन बंद केलंस, उतरलास, चालत माझ्यापर्यंत आलास आणि चावी माझ्या हातात ठेवलीस. त्या वेळी आपण दोघंही मुके होतो.

त्या क्षणी मला हरवलेली चप्पल आठवली. मी तिच्यावर विनोद केला होता.

तुम्हाला घरी सोडायला मी चालवत होतो. मागच्या सीटवर वहिनी तुझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. तुला विचारत होत्या, "हा माणूस कोण? त्याच्या गळ्याला फडकं का बांधलंय? बोलत का नाही?" माझ्या लग्नात ज्या बाईने माझ्या आईच्या शेजारी बसून मेंदी काढली, तिला माझी भीती वाटत होती.

एक गोष्ट विचारतो आणि तिचं उत्तर मला हवं आहे. मी पुढे उभा असताना तुझा पाय उचलला नाही. मग वहिनींना शेजारी बसवून तू रोज तोच पाय घेऊन पुलांवरून कसा जात होतास?

चावी माझ्याकडे आहे. गाडी शाहिदकडे आहे. ती तिथेच राहील.

सिराज


कर्वेनगर, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

सिराज,

गाडी माझी आहे. चावी परत पाठव. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीस तरी चालेल.

उत्तर हवं ना, घे. साखरेच्या आजाराने माझ्या उजव्या तळव्याची जाणीव गेली आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं, गाडी बंद करा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलो तर सकाळी फोड आलेला, मला पत्ताच नाही. पाय ब्रेकवर पोचतो, पण उशिरा पोचतो, आणि पोचला की नाही ते मला कळत नाही. मी हिशेब असा केला, की पाय जेवढा उशीर करतो तेवढा ब्रेकने भरून काढावा. ब्रेक जितका मोठा, तितकी माझी सवड मोठी. मेकॅनिक नाही मी, पोस्टमास्तर आहे. मला तो हिशेब बरोबर वाटला.

आणि रोज कसा जात होतो, तर असा, की घाबरत जात होतो. शर्ट घामाने भिजायचा. पण घरात तिचं ते रडणं ऐकण्यापेक्षा पुलावरची भीती परवडायची. तू पुढे उभा राहिलास आणि मला पहिल्यांदा रस्त्यात माणूस दिसला. इतके दिवस मला फक्त तीच दिसत होती. आता तूच सांग, मी वाईट माणूस आहे का?

तीन आठवडे ती रोज दारात उभी राहते. परवा माझा डोळा चुकवून खाली गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, केदार साहेबांनी, कोपऱ्यावरून परत आणली. कल्याणीला कुणीतरी कळवलं. ती पुढच्या महिन्यात येते आहे, संस्थेत नाव घालूनच येणार म्हणाली.

रीत पाळलीस तू. उस्तादांना बरं वाटलं असेल.

पोपट


लोणी काळभोर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय पोपट,
सलाम.

तू वाईट माणूस नाहीस. चावी मिळणार नाही.

तुझा हिशेब चुकला, तसा माझाही चुकला. शाहिदने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाडीत दोष नाही. गाडीत नाही म्हणजे माणसात, हे गॅरेजमधला नवखाही ओळखतो. मी ओळखलं नाही, कारण मला ओळखायचं नव्हतं. मला काम हवं होतं. तुझं दुःख वाचून मला रडू आलं हे खरं, आणि त्याच दिवशी मला पाना हातात घ्यायला मिळणार म्हणून आनंद झाला हेही खरं. वर तुला जड पेडल दिलं, आणि शाहिदच्या गाडीचं स्टिअरिंग हातात देऊन तुला चार संध्याकाळी रस्त्यावरही पाठवलं. देवाने राखलं, मी नाही.

मी आठवड्यातून दोनदा येऊन तुम्हाला फिरवीन असं लिहिणार होतो. मग वहिनींचे ते डोळे आठवले. त्यांना माझी इतकी भीती वाटते की त्यांना घरी सोडणारा मी नव्हे.

मला काही सुचत नाही, पोपट. सगळ्या गाड्यांचं सुचायचं, या एका गोष्टीचं सुचत नाही. रागाव, पण पत्र लिहीत राहा.

तुझा,
सिराज


कर्वेनगर, पुणे
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय सिराज,
जय भीम.

राग उतरला. खरं म्हणजे थकला.

मला सुचलं आहे. तू जन्मभर बंद गाड्या चालू केल्यास. माझ्यासाठी एक चालू गाडी बंद करून दे. इंजिन लागलं पाहिजे, दिवे लागले पाहिजेत, ब्रेक तर हवेतच. फक्त ती जागची हलता कामा नये. मी कितीही मनात आणलं तरी हलता कामा नये. एखाद्या संध्याकाळी ती फार रडली तर मी मनात आणीन, म्हणून सांगतो.

मग ती आणून आमच्या पार्किंगमध्ये उभी कर. निदान तिला गाडीत बसवता तरी येईल.

तुझा,
पोपट


पार्किंग, कर्वेनगर
१ मार्च २०२५

पोपट,

तू वहिनींना घेऊन वर झोपला आहेस असं अवनीताई म्हणाल्या, म्हणून उठवत नाही. चिठ्ठी आणि चावी त्यांच्याकडे ठेवतो.

गिअरचा दांडा आतून सोडवला आहे. हातात हलेल, पण कुठे लागणार नाही. सोडवलेला भाग मी घेऊन चाललो आहे. बाकी सगळं चालू आहे.

काम झाल्यावर रीतीप्रमाणे गाडीपुढे उभा राहिलो. शाहिदने इंजिन लावून गिअर टाकून बघितला. गाडी हलली नाही. माझ्या आयुष्यात कुठलंच काम इतकं पक्कं झालं नव्हतं, आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

उद्यापासून रोजे. दुवा करीन.

सिराज


कर्वेनगर, पुणे
१६ एप्रिल २०२५

प्रिय सिराज,
जय भीम.

ईदचा शीरखुर्मा पोचला. या वेळी डबा भरलेला होता, शाहिदचं अभिनंदन. परवा जयंतीला चंद्रभागेला पांढरी साडी नेसवली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती तिने स्वतः लावली, हात जोडले, वंदना अडखळली नाही. ते सगळं आत कुठेतरी शाबूत आहे. मी मात्र त्यात नाही.

गाडीचं कळवायचं राहिलं होतं. पहिल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. खाली आणलं, गाडीत बसवलं, पट्टा लावला, इंजिन लावलं. समोर सोसायटीची भिंत आणि तिच्यावर पाटी, "पाणी जपून वापरा. सांगावे लागू नये." ती पाटी वाचत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढे का जात नाही?"

मी थोडा वेळ थांबून "आलं घर" म्हणायचं ठरवून आलो होतो. पण भिंत तीच, पाटी तीच, मला ते खोटं बोलवेना. तोंडातून निघालं, "गाडी बिघडली."

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "असू दे हो. तुम्ही तरी काय करणार? अंधार पडेल आता. आजची रात्र तुमच्याकडे राहिले तर चालेल का? तुमच्या घरच्यांना अडचण नाही ना?"

मी म्हटलं, अडचण कसली. तिने सांगितलं, "माझ्या घरी तेवढं कळवा." कळवतो म्हटलं. पत्ता तिनेही दिला नाही, मीही विचारला नाही.

तेव्हापासून गाडी रोज बिघडते. केदार साहेबांनी नवी पाटी लावली आहे, "उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नये. धूर वर येतो." म्हणून आता इंजिन लावत नाही, नुसता इंडिकेटर लावतो. तो टिकटिक करतो, तेवढं तिला पुरतं. मी ब्रेकवर पाय ठेवून बसतो. तुझं पेडल जड आहे, तळव्याला नाही तरी गुडघ्याला लागतं, तेव्हा कळतं की पाय जागेवर आहे. आख्ख्या पुण्यात एवढे चांगले ब्रेक असलेली आठशे नसेल, आणि तिला थांबण्याशिवाय दुसरं काम नाही.

कल्याणी येऊन गेली. एका संध्याकाळी मागच्या सीटवर बसली होती. उतरल्यावर तिने संस्थेचे कागद बॅगेतून बाहेर काढले नाहीत. म्हणाली, "बाबा, पावसाळ्यापर्यंत बघू." बघू.

तू म्हणशील, मग ठीक चाललंय. ठीक नाही रे. इतकी वर्षं संसार केलेली बाई रोज एका रात्रीची पाहुणी म्हणून जिना चढते. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवते. ताटात वाढलं की "पुरे, पुरे" म्हणते. मला नाव विचारते आणि सांगितलं की म्हणते, "आमच्या ह्यांचंही तेच." रात्री मी कॉटवर झोपत नाही, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकतो, तिला संकोच वाटू नये म्हणून.

सकाळी चहा नेऊन दिला की ती उठून बसते, पदर सावरते आणि म्हणते, "तुम्हाला उगीच त्रास दिला. आता निघते." मी म्हणतो, त्रास कसला, गाडी दुरुस्त होईपर्यंत राहा की.

तुझा,
पोपट